नर्सबाईचा बांधलेला हात

माझ्या धाकट्या जावेचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत गोंदलेला होता. थोडंथोडकं नाही, हं. मनगटाला ठिपक्यांचं कडं, त्याच्या वर तुळशीवृंदावन, वृंदावनाच्या दोन्ही अंगाला मोर, आणि कोपराच्या खाली एक विंचू, नांगी वर करून बसलेला. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा आम्ही बाया तिचा हात मांडीवर घेऊन पाहत बसायचो. आमच्या गावाकडे इतकं गोंदत नसत. कपाळाला एक ठिपका, हनुवटीला एक, झालं. ती घाटावरची, सुलतानपूरकडची. तिथल्या एका यात्रेत तिच्या आजीनं तिला गोंदणारणीपुढं बसवलं आणि सगळा हात भरून घेतला. "रडली असशील की गं," असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "रडायला तोंड कुठं रिकामं होतं? आजीनं गुळाचा खडा कोंबला होता."

मी तिची मोठी जाऊ. माझे मालक लग्नानंतर लवकरच गेले, मूलबाळ झालं नाही. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. अक्षरं शिकले ती पुढं, औषधाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचता वाचता आणि दिराची जुनी पुस्तकं चाळता चाळता. म्हणून माझ्या लिहिण्यात बोलणंच जास्त येतं. ते चालवून घ्या.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता. झेडपी नवी, दवाखाने नवे, आणि सातवी पास बायांना नर्सचं शिक्षण देऊन खेड्यात पाठवायचं असंही नवंच काही निघालं होतं. माझा दीर प्राथमिक शाळेत गुरुजी. त्यानं हे कुठून तरी ऐकलं आणि बायकोला म्हणाला, "जाते का?" ती म्हणाली, "जाते." इतकं सोपं. अवघड झालं ते सासऱ्यांकडं.

"सून गावोगाव लोकायची बाळंतपणं करत फिरन? आपल्या घरातली भाकर सरली का रे?"

"भाकर नाही सरली, बाबा. पण शिकली हाये तं कामाले येऊ द्या नं."

शिक्षण पुरं झालं, नेमणूक संग्रामपूरच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावी झाली. पहिलं वर्ष कच्ची नोकरी. काम पटलं तर कायम, नाही तर घरी. सासऱ्यांनी तेच धरलं. "सालभरात पक्की झाली तं ठीक. नाही तं वावरात निंदन हायेच." दीर म्हणाला, कबूल. जावेनं पेटी भरताना निंदणीचं खुरपं उचलून माळ्यावर पार आत सरकवून ठेवलं, ते मी पाहिलं.

तिचं पोरगं दीड वर्षाचं होतं. त्याला सांभाळायला आणि बाईमाणूस एकटं नको म्हणून मी तिच्यासोबत गेले. दवाखान्याच्या मागं दोन खोल्यांचं टिनाचं क्वार्टर होतं. दीर त्याच्या शाळेच्या गावी. शनिवारी दुपारी सायकलवर यायचा, सोमवारी पहाटे जायचा.

नोकरीवर हजर झाल्या झाल्याच तालुक्याला सगळ्या नर्सबायांची मिटिंग झाली. तपासणीच्या एक मोठ्या बाई होत्या. पुण्याकडच्या. जीपमधून एकट्या हिंडायच्या, पांढरी स्वच्छ साडी, मनगटावर घड्याळ. गावोगावचे पाटीलसुद्धा त्यांना पाहून खाट सोडून उठायचे. माझी जाऊ त्यांच्यापुढं कागदावर सही करायला वाकली आणि हात पुढं आला. घरी येऊन तिनं मला सगळी नक्कल करून दाखवली.

"हे काय आहे?"

"गोंदण आहे, बाई."

"ते दिसतंय मला. नर्सचा हात कसा असायला हवा? स्वच्छ. लांबून पाहणाऱ्याला वाटेल हात मळके आहेत. आपण लोकांना नवं शिकवायला आलो आणि आपल्याच हातावर विंचू?"

"लहानपणी गोंदलंय, बाई. जात नाही ते."

"जात नाही तर झाका. कसं ते तुम्ही बघा. मला पुन्हा दिसता कामा नये."

हे सांगून झालं आणि जाऊ आपल्याच हाताकडे पाहत म्हणाली, "आक्का, मोर तरी बरे होते. विंचवानं घात केला."

मोठ्या बाई वाईट नव्हत्या बरं का. हे आधीच सांगून ठेवते. त्यांना खरंच वाटायचं की खेड्यातली बाई नर्सकडे पाहील आणि तसं स्वच्छ राहायला शिकेल. आता त्यांच्या स्वच्छतेत गोंदण बसत नव्हतं, त्याला काय करणार?

जाऊ अजून गावात घरोघर फिरायला लागली नव्हती, तेवढ्यातच झाकायचे प्रयोग सुरू झाले. आधी लांब बाह्यांचं पोलकं. ते दोन दिवस टिकलं. नर्सला घडीघडी कोपरापर्यंत हात धुवायचे असतात. बाह्या भिजायच्या, औषधाचा वास धरायच्या, वर सरकवल्या की मोर बाहेर. मग शनिवारी दीर आला आणि म्हणाला, "नाटकातले लोक तोंडाले सफेदा चोपडतात. तो लावून पाह्य." कुठून तरी डबी पैदा करून आणलीही. लावला. हात असा दिसू लागला जसा चुन्याच्या भांड्यात बुडवून काढला. पोरगं आईच्या हाताला पाहून भोकांड पसरू लागलं. आणि पाच मिनिटांत घाम आला तर पांढऱ्यातून हिरवं पुन्हा डोकावलं.

दीर कपाळावर हात मारून म्हणाला, "काय नशीब पाह्य! नोकरी कच्ची अन् गोंदण पक्कं. उलटं असतं तं काय बिघडलं असतं?"

शेवटी पट्टी सुचली. दवाखान्यात पट्टीला काय तोटा? मनगटापासून कोपरापर्यंत पांढरी शुभ्र पट्टी, एकावर एक वेढे, टोकाला गाठ. रोज सकाळी ती चहाच्या आधी पट्टी बांधायची, मी गाठ मारून द्यायचे. काम पडलं की आत मोरीवर जाऊन सोडायची, हात धुवायचे, मग पुन्हा नवी. मोठ्या बाई पुढच्या फेरीला आल्या, पट्टी पाहिली, "छान," म्हणाल्या. आम्हाला वाटलं, चला, सुटलो.

पण बाळंतपणाला कुणी बोलावीना.

गावची सुईण होतीच, ते आम्हाला माहीत होतं. नव्या माणसाला वेळ लागतो, हेही माहीत होतं. जाऊ घरोघर जायची. दिवस गेलेल्या बायांना विचारायची, गोळ्या द्यायची, पायावर सूज आहे का पाहायची. बाया बोलायच्या गोड. "हाव नर्सबाई, बोलावू नं. तुमालेच बोलावू." आणि मग एक दिवस कळायचं, बारसंसुद्धा झालं. जावेला वाटलं आपली बोली आड येते. ती घाटावरची, 'मला, तुला' म्हणणारी. इथं सगळं 'मले, तुले'. म्हणून ती 'ले' लावायला शिकली. पण शिकली ती अशी की दिसेल त्याला 'ले' लावू लागली. एका बाईला म्हणाली, "तू जेवलीले का?" ती बाई आठ दिवस गावभर हेच सांगत हसत होती. हसायच्या सगळ्या. बोलवायचं नाव नव्हतं.

मोठ्या बाई एकदा जाता जाता म्हणून गेल्या, "बाळंतपणं दिसत नाहीत तुमची. गावाला नर्स नको असेल तर ही जागा दुसरीकडे नेतील." त्या रात्री जाऊ नीट जेवली नाही. मी म्हटलं, जेव. ती म्हणाली, "आक्का, मला वावराची भीती नाही. जन्मभर निंदलं तरी हात झिजायचे नाहीत माझे. पण हे काम माझ्या हाताला येतं. येतं ते करू देत नाहीत, याचं वाईट वाटतं."

मग आली संक्रांत. तलाठ्याच्या बायकोनं हळदीकुंकू ठेवलं. आता मी विधवा. मला हळदीकुंकू लावत नसत. मी पोराला मांडीवर घेऊन भिंतीशी बसलेली. पण असं बाजूला बसलेल्या माणसाला एक फायदा असतो, त्याला सगळ्यांचे हात दिसतात. आणि मला दिसलं. जाऊ तिळगूळ द्यायची तेव्हा बाया तळहात पुढं करत नव्हत्या, पदर पसरत होत्या. बाकीच्यांचा तिळगूळ मात्र हातात घेत होत्या. ती एकीला कुंकू लावायला गेली तर ती बाई म्हणाली, "राहू द्या, मीच लावून घेतो." आणि मागं सरली. माझी जाऊ आपली हसून सगळ्यांना 'गोड बोला' म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीवाली बुढी आली. ही माळीणबुढी रोज आमच्या दवाखान्याच्या गल्लीत यायची. वांगी, मेथी, सांबार. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. तोंडानं तिखट, मनानं बरी. तिनं मेथीची जुडी माझ्या टोपलीत वरूनच सोडून दिली, जसं खाली विस्तव आहे. रोज तशीच सोडायची, पण त्या दिवशी मला ते दिसलं.

"काऊन वो बुढ्या माय, अशी वरून काऊन टाकून राह्यली? आमी काय शिवू नये असे हाओत का?"

बुढीनं इकडे तिकडे पाहिलं. "तुह्यावर राग नाही माय. पन तू तिच्यासंगं राह्यते. तिचं खाते."

"मंग?"

"मंग काय मंग! साऱ्या गावाले माहीत हाये. तिच्या हाताले रगतपिती हाये म्हून."

रगतपिती म्हणजे महारोग.

"कोन म्हनते?"

"म्हनाले कायले पायजे? आली त्या दिवसापासून हात बांधला हाये. जखम असती तं बरी झाली असती. हाड मोडलं असतं तं जुळलं असतं. महिनोन्महिने पट्टी कोनाची राहते? दुसरं काय असते त्याच्याखाली?"

"अवो गोंदन हाये ते! नुसतं गोंदन!"

बुढी माझ्याकडं अशी पाहत राहिली की जणू मी तिला दगड दाखवून वांगं म्हणाले. मग म्हणाली, "गोंदन कोनी झाकते का वं? गोंदन दाखवाले असते. मले काय बह्याड समजली का तू?"

आणि टोपली उचलून चालू लागली. खरं सांगितलं तर तेच खोटं ठरलं. आणि तिचं तरी काय चुकलं? अंग टोचून घ्यायचं, ताप काढायचा, आठ दिवस हळद लावायची, ते काय पट्टीखाली ठेवायला? असली चूक पुण्याकडच्या माणसाला कधी सुचली नसती आणि आमच्याकडच्या माणसाला दुसरं काही सुचलं नसतं.

जावेला सांगितलं. ती आधी खूप हसली. हसता हसता भिंतीला टेकली, मग पोराच्या अंगरख्याची नाडी बोटाला गुंडाळत बसली.

"फेकून दे ते पट्टी," मी म्हटलं.

"मोठ्या बाईंना शब्द दिलाय, आक्का. पट्टी काढली तर त्या काढतील. ठेवली तर गाव काढेल. दोन्हीकडून घरीच जायचं आहे, तर कुठल्या दारानं जायचं तेवढं ठरवू दे मला."

दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांनाही तिनं पट्टीचं विचारून पाहिलं. भला माणूस, पण आपल्या कामानं थकलेला. म्हणाले, "बाई, हुकूम त्यांचा आहे. मी मध्ये पडणार नाही."

तीनचार दिवस गेले असतील. सकाळी उन्हं अंगणात आली होती. माळीणबुढीचा लेक धावत आला. त्याची बायको कालपासून अडली होती. सुईण म्हणाली होती, पोट्टं आडवं नाहीतर उलटं, माझ्या हातचं नाही. डॉक्टरसाहेब तालुक्याला गेलेले, बैलगाडीनं तिला नेणं म्हणजे वाटेतच काही तरी व्हायचं. जावेनं पेटी उचलली. मी शेजारणीकडं पोराला दिलं आणि तिच्या मागं निघाले. बाळंतपणाला नर्सनं एकटीनं जायचं नाही अशी आमची रीत होती.

माळ्याचं घर मळ्याच्या कडेला. ओट्यावर बाया जमलेल्या. आतून कण्हण्याचा आवाज. आणि दारात बुढी, दोन्ही हात चौकटीला लावून.

"तू नको येऊ, नर्सबाई. राग नको मानू. डाक्तराले पाठव."

लेक ओरडला, "अवो माय, डाक्तर नाही गावात! येऊ दे नं तिले!"

"चूप बस बे! तुले काय समजते? सूनही जाईन अन् नातवालेही रोग लागन."

मला वाटलं आता जाऊ भांडेल, नाहीतर परत फिरेल. तिनं दोन्हीतलं काही केलं नाही. ओट्याच्या काठावर बसली. पेटी शेजारी ठेवली. आणि पट्टीची गाठ सोडली. घाई नाही, काही नाही. एक एक वेढा सोडत गेली, जशी एखादी बाई वेणी उकलते तशी. बाया मागं सरकल्या. एकीनं पदर नाकाला लावला. कोपराकडचा पहिला वेढा सुटला आणि विंचवाची नांगी दिसली. मग विंचू. मग मोर. पट्टी सगळी मांडीवर पडली आणि तिनं हात लांब करून बुढीच्या पुढं धरला.

"पाहा, बुढ्या माय. काय आहे ते पाहा, मग आत घ्या नाहीतर नका घेऊ. पण लवकर पाहा."

बुढी खाली वाकली. अंगठ्यानं तुळस घासली. पदराचं टोक थुंकीनं ओलं करून पुन्हा घासली. जाऊ म्हणाली, "इतकी वर्षं नाही निघालं ते. सफेदा लावूनही नाही." बुढीचा अंगठा विंचवापाशी आला आणि तिथंच थांबला. तिनं आपल्या चोळीची बाही वर ओढली. सुरकुतलेल्या हातावर, ओळखू येणार नाही इतका फिका, पण तसाच, नांगी वर केलेला विंचू.

"हे तं घाटावरचं गोंदन व्हय. तू कोनाकडची वं?"

"सुलतानपूरकडची."

"अन् मी लोनारकडची, बाजूचीच! आतापावतर सांगतलं नाही? मायेरचं गोंदन झाकून फिरून राह्यली तू? लाज वाटते का मायेरची?"

"लाज नाही. हुकूम आहे."

"कोन्या मुडद्याचा हुकूम? बरं, ते मंग पाहू." बुढीनं दारातून हात काढले. "जाय आत. जाय माय लवकर. अन् तुमी काय पाहून राह्यल्या वं साऱ्या? पानी ठेवा चुलीवर!"

आत काय झालं ते मी सगळं सांगणार नाही, बायांच्या गोष्टी बायांना माहीत असतात. पण एक सांगते. पोर उलटं होतं, पाय आधी. पायाळू. सुईण घाबरून ओढायला पाहत होती. माझ्या जावेनं तिचा हात धरला. म्हणाली, "मावशी, तुम्हाला माझ्याहून जास्त बाळंतपणं माहीत. पण आज ओढू नका. तुम्ही हिला धीर द्या, मी इथं बसते." सुईणीचा मान ठेवला आणि हातही थांबवला. मग ती बसली. मी तिचा तो उजवा हात पाहत होते. मला वाटायचं नर्सचा हात म्हणजे झरझर चालणारा. तो हात जास्त वेळ नुसता थांबलेला होता. पोर जेवढं येईल तेवढं येऊ द्यायचं, खाली कापडाचा आधार धरायचा, कळ आली की आईला सांगायचं, कळ गेली की गप्प राहायचं. घाम तिच्या नाकावरून टपटपत होता, पण हात असा स्थिर की दिव्याची वात. शेवटी डोकं सुटलं. पोर निळं, गप्प. तिनं तोंडात बोट घालून साफ केलं, पाठ चोळली, पुन्हा चोळली. आणि मग ती पोट्टी अशी ओरडली की बाहेर ओट्यावरच्या बायांनी एकदम "आली गं माय!" केलं.

आयुष्यात मी पुष्कळ हुशार माणसं पाहिली. पण आपल्या हाताला थांबायला सांगता येतं, अशी फार थोडी.

निघताना पट्टी सापडेना. बुढी म्हणाली, "ते मी ठेवून घेतली. चांगलं कापड हाये. दोडक्याच्या येलाले बांधतो." आणि खरंच, पुढं कितीतरी दिवस माळ्याच्या मांडवावर दोडक्याचा वेल सरकारी पट्टीनं बांधलेला होता.

त्यानंतर गावाचं काय झालं, विचारू नका. आधी तर बाया नुसत्या हात पाहायलाच यायच्या. "नर्सबाई, तो ईचू दाखव नं." मग बोलावणी सुरू झाली. जाऊ उघड्या हातानं जायची, उघड्या हातानं यायची. पण रस्त्यावर धूळ उडाली की मी दारात येऊन पाहायचे. होळी होऊन गेली होती आणि मोठ्या बाईंची जीप कधीही येणार होती.

आली. मोठ्या बाई उतरल्या त्या थेट हाताकडंच बघत.

"पट्टी कुठं आहे?"

"काढली, बाई."

"का?"

"गावाला वाटलं मला महारोग झालाय."

मोठ्या बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी दारात उभी. "खरं का हो?"

"हाव बाई," मी म्हटलं. "भाजीवाली मेथी वरून टाकत होती. संक्रांतीले कोनी हातात तिळगूळ घेतला नाही. मी सांगतलं गोंदन हाये, तं म्हनते, गोंदन कोनी झाकते का?"

मोठ्या बाई वळून भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं संपलं, बाई रागानं थरथरतात. वळल्या तेव्हा डोळे पुसत होत्या. हसत होत्या हो! आम्हीही हसलो, घाबरत घाबरत. मग त्यांनी चहा घेतला, जावेच्या कामाची सगळी विचारपूस केली, आणि उठताना गंभीर झाल्या.

"इथं राहू द्या उघडा. पण उन्हाळ्यात वरचे साहेब येतील. कायम करायचं की नाही ते त्यांच्या हातात आहे, माझ्या नाही. त्यांना हे चालेल असं मला वाटत नाही. त्या दिवशी लांब बाह्या."

"हो, बाई."

साहेब आले त्या दिवशी मी शिवलेलं लांब बाह्यांचं पोलकं घालून जाऊ दवाखान्याच्या व्हरांड्यात उभी होती. बाह्यांना मनगटाशी बटणं. बाया, पोरं, गावातली चार माणसं, सगळी जमलेली. साहेब खुर्चीवर. मोठ्या बाई बाजूला. सगळं ठीक चाललं होतं. तेवढ्यात माळीणबुढी आली, पायाळू नात कडेवर घेऊन, साहेबाला दाखवायला. व्हरांड्याच्या पायरीशी आली आणि थबकली.

"नर्सबाई! हे काऊन घातलं वं? पुन्हा झालं का काही हाताले?"

मागच्या दोन बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. आता बाही ठेवली तर गाव जातं आणि वर केली तर साहेब.

जाऊ काही करायच्या आधी बुढीच वर चढली. नात माझ्या हातात कोंबली, जावेचं मनगट धरलं, बटण सोडलं आणि बाही सरळ कोपराच्या वर नेली. "काही नाही वं बायाहो, चांगलाच हाये! पाह्य साहेब, किती झ्याक गोंदन हाये. आमच्या मायेरचं. हेच हात होते म्हून माही नात हाये."

साहेब हाताकडं पाहत राहिले. "हे काय? आणि झाकलेलं का होतं?"

जावेनं तोंड उघडलं, पण आवाज आला तो मोठ्या बाईंचा. "मी झाकायला सांगितलं होतं, साहेब. झाकलं तेव्हा गाव यांच्याकडे आलं नाही. उघडं ठेवलं तेव्हा आलं. चूक माझी होती. मी आता झाकायला सांगणार नाही."

चार माणसांत, वरच्या माणसापुढं, आपला हुकूम चुकला म्हणणारी बाई मी त्याआधी पाहिली नव्हती, आणि त्यानंतरही फारशी नाही. त्या दिवसापासून त्या बाई माझ्या मनात जावेच्या शेजारी बसलेल्या आहेत.

साहेबांनी चष्मा पुसला. म्हणाले, "नखं दाखवा."

जावेनं दोन्ही हात पुढं केले. साहेबांनी एक एक नख पाहिलं. कापलेली, स्वच्छ. "ठीक," म्हणाले, आणि औषधांचं कपाट पाहायला आत गेले. बस. ठीक म्हणजे काय, ते कुणाला कळलं नाही. मोठ्या बाईंनाही नाही.

पुढचे दिवस फार वाईट गेले. सासऱ्यांचा निरोप येऊन गेला, साल सरत आलं म्हणून. दीर शनिवारी यायचा आणि नुसता तोंडाकडं बघायचा. जाऊ मात्र रोजच्यासारखी कामाला जायची. एकदा म्हणाली, "काढलं तर काढलं, आक्का. निदान हात बांधून नाही काढलं."

एका दुपारी दवाखान्यात एक पहिलटकरीण आली होती. कळा जवळ आलेल्या. जाऊ मोरीवर हात धुवत होती, कोपरापर्यंत साबणाचा फेस, मोरबीर सगळे फेसात बुडालेले. मी तांब्या घेऊन उभी. डॉक्टरसाहेब व्हरांड्यातून हाक मारत आले.

"बाई! तालुक्याहून निरोप आलाय. तुम्ही कायम झालात."

तिनं मान वर केली. एकदा डोळे मिटले, उघडले. "बरं झालं, साहेब," म्हणाली. आतून पहिलटकरणीनं हाक दिली तशी लगेच माझ्याकडं वळली. "आक्का, पाणी ओत."

मी ओतलं. पण माझी नजर तिच्या तोंडावर, आणि सगळं पाणी तिच्या पायावर.

"हातावर ओत गं, आक्का," ती म्हणाली. "पाय काय करायचेत?"